अपघाताला सात आठवडे झाले, मुलाने घेतलेला धसका उतरत नाही

कृष्णाकाठ | ६ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार. मी कराडजवळ राहतो. १८ मे रोजी पुण्यातील एक लग्न उरकून आम्ही सहकुटुंब परत येत होतो. खंबाटकी घाट उतरल्यावर आमच्या गाडीला अपघात झाला. वळवाच्या पावसाने रस्ता निसरडा झाला होता, पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक लावला, मी गाडी कशीबशी आवरली, पण मागून येणारा ट्रक आमच्यावर आदळला आणि गाडी दुभाजकाला घासत फिरली. गाडी मी चालवत होतो. शेजारच्या सीटवर माझा सोळा वर्षांचा मुलगा होता. मागे माझी आई, पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी होती. आईच्या खुब्याचे हाड मोडले. तिची शस्त्रक्रिया झाली असून आता ती वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. मुलाचे कॉलरबोन मोडले होते, ते जुळून आले. आम्हा तिघांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. सगळे वाचलो, हीच देवाची कृपा.

मुलाचे हाड जुळले, पण मुलगा जुळून आला नाही, असेच म्हणावे लागेल. रात्री दोन-अडीचला तो उठून बसतो. आमचे घर रस्त्याला लागून आहे. उसाचा ट्रॅक्टर किंवा ट्रक गेला की त्याच्या हातातली वस्तू खाली पडते आणि तो भिंतीला टेकून उभा राहतो. गाडीत तो बसतच नाही. एकदा दवाखान्यात न्यावेच लागले, तेव्हा सबंध वाटेत मागे वळून काचेतून बघत होता आणि दोनदा "बाबा, मागे बघा" म्हणून ओरडला. दहावीला त्याला चांगले गुण होते. आता अकरावीचे पुस्तक उघडून तासभर एकाच पानावर बसतो. बहिणीवर विनाकारण खेकसतो. सर्वांत जास्त मला टोचते ते हे की, ज्या आजीच्या अंगाखांद्यावर तो वाढला, तिच्या खोलीत तो पाऊलही टाकत नाही. ती वॉकर घेऊन बाहेर आली की हा उठून अंगणात जातो. आई काही बोलत नाही, पण तिला ते लागते. मी त्याला यावरून एकदा रागावलोही.

मुलगी मात्र खेळण्यातल्या गाड्या एकमेकींवर आपटत बसते आणि हसते. तेही मला बरे वाटत नाही.

आईने दृष्ट काढली. शेजारचे म्हणतात, मुलगा आहे, सावरेल, लक्ष देऊ नका. गावातल्या डॉक्टरांनी रात्री घेण्यासाठी झोपेची गोळी दिली आहे. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही नुसती भीती आहे की आजार? त्याला समोर बसवून अपघाताबद्दल सगळे बोलायला लावावे, की विषयच काढू नये? आणि दुरुस्त होऊन आलेली ती गाडी विकून टाकली, तर त्याला बरे वाटेल का?

---

निरंजनी | ७ जुलै, सकाळी ८:१५

आपला प्रश्न वाचला. मी पुण्यात लहान व किशोरवयीन मुलांसाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. मुलाला प्रत्यक्ष न भेटता निदान करणे योग्य नाही आणि ते मी करणार नाही. परंतु आपण इतके बारकाईने लिहिले आहे की काही गोष्टी निःसंकोच सांगता येतील.

आपण शीर्षकात वापरलेला "धसका" हा शब्द मला फार नेमका वाटतो. भीती समोरच्या गोष्टीची वाटते, धसका होऊन गेलेल्या गोष्टीचा बसतो. अपघातानंतरचे पहिले काही आठवडे झोप उडणे, दचकणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे असा त्रास पुष्कळ जणांना होतो आणि त्यांतील बहुतेकांचा तो हळूहळू ओसरतो. म्हणूनच आघातोत्तर तणाव विकाराचे, म्हणजे ज्याला हल्ली सर्वत्र पीटीएसडी म्हणतात त्याचे निदान, अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निकषांनुसार घटनेला एक महिना उलटल्याशिवाय करत नाहीत. आपल्या मुलाला सात आठवडे झाले आहेत, आणि त्रास कमी होण्याऐवजी झोप, अभ्यास, घरातली नाती असा पसरत चालला आहे. तेव्हा "सावरेल" म्हणून वाट बघण्याचा काळ आता संपला, असे माझे स्पष्ट मत आहे. आपोआप बरे होण्याचा जोर पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असतो. मुलांवरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात असे दिसले की या सहा महिन्यांत विकार असलेल्या मुलांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते. त्यानंतर मात्र, उपचार न मिळाल्यास, ते फारसे खाली उतरत नाही.

"याला तर फारसे लागलेच नाही, मग एवढा त्रास का?" हा प्रश्न मला प्रत्येक पालक विचारतो. इंग्लंडमधील बाथ येथे रस्ते अपघातानंतर रुग्णालयात आणलेल्या ५ ते १८ वर्षे वयाच्या ११९ मुलांचा अभ्यास १९९८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. अपघातानंतर साधारण सहा आठवड्यांनी त्यांना भेटले असता त्यांपैकी ४१ मुलांना, म्हणजे ३४.५ टक्के मुलांना, हा विकार असल्याचे आढळले. खेळताना दुखापत होऊन आलेल्या मुलांत हेच प्रमाण सुमारे ३ टक्के होते. मुलींमध्ये प्रमाण अधिक होते. परंतु दुखापत किती गंभीर आहे यावर विकार होणे-न होणे अवलंबून नव्हते. या अभ्यासातील मुलांपैकी कितीतरी जण हाड जुळताच "बरा झाला" म्हणून घरी गेली असती.

आता मनात काय चालते ते सांगते. एरवीच्या आठवणीला स्थळ असते, वार असतो, मागचा-पुढचा संदर्भ असतो. जिवावर बेतलेल्या क्षणी मेंदूची सारी शक्ती बचावाकडे लागते आणि त्या क्षणाचे तुकडे, म्हणजे आवाज, वास, उजेड, अंगाला बसलेला हिसका, संदर्भाशिवाय सुटे सुटे साठतात. नंतर त्यातील एक तुकडा कुठे भेटला की बाकीचे सर्व तुकडे उसळून वर येतात, आणि त्यांच्यावर तारीख नसल्यामुळे ते आत्ता घडत आहे असे वाटते. ट्रॅक्टर गेल्यावर आपला मुलगा भिंतीला टेकतो, तेव्हा त्याच्या शरीराच्या लेखी १८ मे अजून चालू असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या रोगवर्गीकरणात या विकाराची तीन मुख्य लक्षणे मानली आहेत: घटना वर्तमानात पुन्हा अनुभवणे, तिची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणे, आणि धोका आत्ताही आहे अशी सततची जाणीव. आपल्या वर्णनात ही तिन्ही दिसतात.

यातले टाळणे फार फसवे असते. गाडी टाळली की त्या क्षणी सुटका वाटते, आणि मन त्यातून एवढेच शिकते की टाळले म्हणून वाचलो. मग टाळण्याचा परीघ वाढत जातो. त्यामुळे गाडी आत्ता विकू नये. व्यवहाराची अडचण असेल तर गोष्ट वेगळी, पण त्याला बरे वाटावे म्हणून विकू नये. त्याचबरोबर त्याला बळजबरीने गाडीत बसवूही नये.

बोलायला लावावे का, या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देते. अपघातानंतर लगेच माणसाला समोर बसवून एकाच बैठकीत सर्व काही बोलायला लावण्याची पद्धत एके काळी फार प्रचलित होती. तिचा उपयोग होत नाही आणि काहींना त्याने त्रासच होतो, असे पुढे दिसून आले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ती पद्धत वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे. याचा अर्थ विषय काढू नये असा मात्र नाही. दार उघडे ठेवावे, आत ओढू नये. "तुला जेव्हा वाटेल तेव्हा मी ऐकायला आहे, आणि ऐकून मी कोसळणार नाही" एवढे त्याला कळले पाहिजे.

उपचार म्हणून मुलांसाठी सर्वांत भक्कम पुरावा आघातकेंद्रित बोधात्मक वर्तन उपचाराचा आहे. साधारण ६ ते १२ बैठका होतात. मुलगा अपघाताची हकीकत सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्याला झेपेल तशी सांगतो किंवा लिहितो. त्यातला सर्वांत असह्य क्षण कोणता आणि त्या क्षणी त्याने स्वतःबद्दल काय ठरवून टाकले, ते शोधले जाते. मग त्यात नंतर कळलेली माहिती जोडली जाते, जसे की "आपण वाचलो", "आजी चालायला लागली". ट्रकचा आवाज आला की "तेव्हा" आणि "आत्ता" यांत काय काय वेगळे आहे ते मोठ्याने म्हणायचा सराव असतो. पुढे उभ्या गाडीत बसणे, इंजिन चालू करणे, गल्लीत एक फेरी, असे टप्पे येतात.

एक गोष्ट आवर्जून बघा. एंके एलर्स आणि डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार त्रास टिकून राहण्यात घटनेइतकाच, माणसाने त्या घटनेचा लावलेला अर्थ कारणीभूत असतो. मुलगा आजीला टाळतो याला उद्धटपणा समजू नका. वॉकरचा आवाज त्याला काय सांगत असेल, याचा विचार करा.

डोक्याला मार लागला होता का, हेही डॉक्टरांकडून तपासून घ्या. मेंदूला बसलेल्या हादऱ्यानेही चिडचिड आणि एकाग्रतेचा अभाव होतो. आणि तो कधी जगण्याला कंटाळल्यासारखे बोलला, तर एक दिवसही थांबू नका. धाकटीच्या खेळाची काळजी वाटणे साहजिक आहे, पण त्या वयात मुले खेळातूनच घडलेले पचवतात. खेळ पुढे सरकत असेल, म्हणजे रुग्णवाहिका येते, माणसे उठतात, घरी जातात, असे होत असेल तर ठीक आहे. तोच आघात अगदी तसाच, आनंदाशिवाय, पुन्हा पुन्हा होत राहिला तर तिलाही दाखवावे.

---

रातराणी | ७ जुलै, रात्री ११:०५

काका, तुम्ही माझ्या बाबांच्या वयाचे असाल म्हणून काका म्हणते. मी आता चोवीस वर्षांची आहे. सतरा वर्षांची असताना कसारा घाटात आमच्या गाडीला अपघात झाला होता आणि गाडी बाबाच चालवत होते. निरंजनीताईंनी सर्व शास्त्रशुद्ध लिहिले आहे. मी आतून कसे असते तेवढेच सांगते.

आमच्या अपघातात एअरबॅग उघडल्या होत्या. त्या उघडतात तेव्हा गाडीत पांढरी धूळ उडते आणि फटाक्याच्या दारूसारखा जळका वास येतो. हे मला माहीत नव्हते. मला वाटले गाडीने पेट घेतला. दार उघडेना. ती काही सेकंदेच असतील, पण त्या वेळी "आता आपण जळणार" हे माझ्या मनात पूर्ण ठरून गेले होते. अपघात एप्रिलमध्ये झाला आणि उन्हाळा-पावसाळा मी बऱ्यापैकी काढला. दिवाळीत पहिल्या संध्याकाळी गल्लीत फटाके सुरू झाले आणि मी न्हाणीघरात जाऊन दार लावून बसले. घरच्यांना सांगितले की प्रदूषण होते म्हणून मला फटाके आवडत नाहीत. सगळ्यांनी माझे कौतुक केले. पुढची दोन वर्षे मी दिवाळीला मावशीच्या गावी गेले, कारण तिथे शेजार विरळ होता.

कॉलेजला जाण्यासाठी मी बसचा पास काढला होता आणि रोज साडेतीन किलोमीटर चालत जात होते. पास घरच्यांना दाखवण्यापुरता होता.

मी दोन वर्षे कोणालाही सांगितले नाही, आणि का सांगितले नाही ते तुम्हाला कळावे म्हणून हे लिहिते आहे. अपघातानंतर चार-पाच दिवसांनी मी बाबांना म्हणाले होते, "मला भीती वाटते." बाबांनी काहीच उत्तर दिले नाही. ते उठून गेले आणि थोड्या वेळाने मला ते देवघरासमोर डोके धरून बसलेले दिसले. तेव्हाच मी ठरवले की यापुढे हा शब्द घरात काढायचा नाही. बाबा मला जपत होते, म्हणून विषय काढत नव्हते. मी बाबांना जपत होते, म्हणून विषय काढत नव्हते. आई दोघांना जपत होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटले असते की या घरात काही झालेच नाही.

शेवटी एकोणिसाव्या वर्षी कॉलेजातल्या एका मॅडमनी मला समुपदेशनाला पाठवले. माझ्या अकरा बैठका झाल्या. पाचव्या बैठकीला बाबांना बोलावले होते. तिथे बाबा पहिल्यांदा म्हणाले की तेही रात्री झोपत नाहीत. मला ते ऐकून वाईट वाटायला हवे होते, पण खरे सांगते, मला इतके हलके वाटले की मी तिथेच रडले. आज मी गाडी चालवते. फटाक्याचा वास अजून आवडत नाही, पण तो वास आला की तो फटाक्याचा आहे हे मला कळते.

काका, तुम्ही आई, पत्नी, मुलगा, मुलगी अशा सर्वांबद्दल लिहिले आहे. तुम्ही स्वतः कसे आहात, ते कुठेच लिहिलेले नाही. तुमच्या मुलाने ते नक्की ओळखले असणार.

---

खडूफळा | ८ जुलै, दुपारी ३:३०

मी अठ्ठावीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले. शाळा-महाविद्यालयाच्या बाजूचे थोडे सांगते, कारण अकरावी नुकतीच सुरू होत असेल.

नवे महाविद्यालय, नवे शिक्षक. तिथे याला आधीचा हुशार मुलगा म्हणून कोणीही ओळखत नाही. पानावर नजर लावून बसलेला मुलगा त्यांना आळशी वाटेल, दचकून उठलेला मुलगा वर्गात हसण्याचा विषय होईल. तेव्हा वर्गशिक्षकांना भेटावे, पण मुलाला विचारून आणि त्याच्या संमतीने. सगळी हकीकत सांगण्याची गरज नाही. "मे महिन्यात अपघात झाला, झोप नीट होत नाही, अचानक मोठा आवाज झाला तर त्याला पाच मिनिटे बाहेर जाऊ द्या" इतके पुरते. दाराजवळचे बाक मिळाले तर बघावे. जिथून सहज बाहेर पडता येते तिथे अशी मुले जास्त वेळ बसतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

आणि "मुलगा आहे, सावरेल" हे वाक्य. माझ्या वर्गातील एक मुलगा अपघातातून वाचल्यावर वर्षभरात मोटारसायकल बेफाम हाकू लागला होता. सगळे म्हणायचे, बघा, भीती कशी मोडली. मला त्यात भीती मोडलेली कधीच दिसली नाही. या वयातली मुले घाबरल्याचे दाखवू शकत नाहीत, तेव्हा कधी कधी अशी उलट बाजूने दाखवतात. मुलींना निदान रडण्याची मुभा असते. मुलग्यांना आपण तीही देत नाही. आपण रागावलात म्हणून स्वतःला बोल लावून घेऊ नका, पण त्याला एकदा सांगा की त्या दिवशी माझे चुकले.

---

कृष्णाकाठ | ८ जुलै, रात्री ९:५०

सर्वांचे मनापासून आभार. रातराणी, बेटा, तुझे शेवटचे वाक्य वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. अपघातानंतर मीही घाटाकडे फिरकलेलो नाही. पुण्याची दोन कामे पुढे ढकलली आणि कारणे भलतीच सांगितली.

निरंजनीताई, झोपेच्या गोळीबद्दल आपण काही लिहिले नाही. ती गेले तीन आठवडे चालू आहे. आणि कराड-साताऱ्याकडे असे उपचार कुठे मिळतील?

---

निरंजनी | ९ जुलै, सकाळी ७:४०

गोळीचे नाव इथे लिहू नका, पण चिठ्ठी घेऊन मनोविकारतज्ज्ञांना अवश्य दाखवा. अशा वेळी सर्रास दिल्या जाणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातील गोळ्या आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात मुलांना व किशोरांना देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितले आहे. आणि नाइसच्या सूचनांनुसार अठरा वर्षांखालील मुलांत या विकारासाठी औषधे देऊ नयेत. मात्र तीन आठवडे चालू असलेली गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे असते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची असते.

जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागापासून सुरुवात करता येईल. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि जवळच्या तज्ज्ञांकडे जाण्यास मार्गदर्शन मिळते. तज्ज्ञांना भेटाल तेव्हा एक प्रश्न नि:संकोच विचारा: "आपण अपघाताच्या आठवणीवर थेट काम करता का?" नुसता धीर देणे, श्वसनाचे व्यायाम शिकवणे हेही चांगलेच आहे, पण या विकारावर तेवढे पुरत नाही. प्रत्यक्ष तज्ज्ञ मिळेपर्यंत दूरचित्रसंवादाद्वारेही बैठका घेता येतात. आणि आपणही एक भेट स्वतःसाठी घ्या. पालकाचा त्रास आणि मुलाचा त्रास यांची सांगड अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेली आहे.

---

न्यायपथ | ९ जुलै, सायंकाळी ६:२०

मी मोटार अपघात दाव्यांचे काम करणारा वकील आहे. विषयाला धरून दोनच गोष्टी सांगतो. मुलाच्या मानसोपचाराची कागदपत्रे आणि पावत्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. शारीरिक वेदनांबरोबरच मानसिक धक्क्याचीही भरपाई मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या हट्टंगडी निकालात स्पष्ट केले आहे. पण कागद नसले की दाव्यात हाडाचाच हिशेब होतो आणि मनाचा राहून जातो. मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार न्यायाधिकरणाकडे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, म्हणून फार लांबवू नका. आरोग्य विमा असेल तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१ नुसार मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा उपलब्ध करून देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. आपली पॉलिसी त्या दृष्टीने तपासून घ्या.

दुसरी गोष्ट माझ्या अनुभवाची आहे. घरात दाव्याची चर्चा होताना "ट्रक किती वेगात होता, तू काय पाहिलेस" असे मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका. त्याचा जबाब लागलाच तर तो एकदाच, तयारीनिशी आणि शक्यतो उपचार करणाऱ्या तज्ज्ञांशी बोलून व्हावा.

---

कृष्णाकाठ | ३१ जुलै, रात्री १०:१५

पुढे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे, म्हणून लिहितो.

याच महिन्यातल्या एका रविवारी मी मुलाला घेऊन चालत नदीवर गेलो. त्याला काही विचारायचे नाही असे ठरवले होते. मी त्याला एवढेच सांगितले की मी तुझ्यावर आजीवरून रागावलो ते चुकले, आणि मलाही रात्री तो ट्रक आरशात दिसतो. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खंडाळ्याला चहाला थांबलो तेव्हा आजी पुढे बसली होती. मला मळमळत होतं म्हणून मी तिला मागे बसायला लावलं. पुढे पट्टा होता."

ते मी पूर्ण विसरलो होतो. पुण्याहून निघाल्यापासून आई पुढे बसली होती, हे खरे. घाट लागायच्या आधी, खंबाटकीच्या अलीकडच्या खंडाळ्याला जागा बदलली होती आणि मागच्या सीटवर पट्टा कोणीच लावला नव्हता. सात आठवडे तो मुलगा घरातल्या वॉकरची खटखट ऐकत हेच मनात घेऊन बसला होता, आणि आम्ही त्याला उद्धट ठरवत होतो. मी त्याला काय उत्तर दिले ते मला नीट आठवतही नाही. मागे बसलेल्यांना पट्टा लावायला सांगणे हे गाडी चालवणाऱ्याचे काम होते, माझे होते, एवढे नक्की म्हणालो.

उपचार साताऱ्यात सुरू झाले आहेत. आतापर्यंत दोन बैठका झाल्या. गोळी निम्म्यावर आणली आहे. झोप अजून तुटकच आहे, आणि पहिल्या बैठकीनंतर दोन रात्री तर फारच वाईट गेल्या. तसे होऊ शकते हे त्यांनी आधीच सांगितले होते, म्हणून आम्ही घाबरलो नाही. साताऱ्याला आम्ही एसटीने जातो. तो खिडकीजवळ बसत नाही, मधल्या बाजूला बसतो आणि माझ्या शर्टाची बाही धरून ठेवतो. सोळा वर्षांचा मुलगा आहे. मी काही बोलत नाही.

आईला मी सर्व सांगितले, त्याला विचारूनच. परवा ती वॉकर घेऊन ओसरीवर आली तेव्हा तो उठला, पण अंगणात गेला नाही. तिच्यासाठी खुर्ची सरकवली आणि दाराशी उभा राहिला. ती त्याला म्हणाली, "मला पुढे बसलं की ऊन लागतं रे, मी मागंच बसणार होते." हे खरे आहे की तिने तेव्हाच जुळवले, मला ठाऊक नाही.

निरंजनीताई, पुढच्या बैठकीला उभ्या गाडीत बसण्याचा टप्पा घ्यायचा का, असे तज्ज्ञांनी त्यालाच विचारले आहे. त्याने दोन दिवस मागितले आहेत. त्या वेळी मी चालकाच्या जागेवर बसावे, की ती जागा रिकामी ठेवावी?